आतडं कुणासाठी हललं

आमच्या वडिलांचा पुस्तकबांधणीचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीत लांब टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि स्टोव्हवर सदा रटरटणारी मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून वडील खळीत मोरचूद घालायचे. तो पडायच्या आत थोडी खळ बोटावर घेऊन आम्ही दोघी बहिणी टेबलाखाली बसून चाटायचो. मोरचूद विषारी. तो पडलाय की नाही हे कळावं म्हणून ताई आधी मला चाटायला लावायची. मी जिवंत आहे असं दिसलं की मग ती चाटायची.

ताई दिसायला देखणी आणि बोलायला अशी, की मेलेला माणूस उठून हसावा. एकदा दुपारी मी टेबलाला डोकं टेकून झोपले होते. तिनं माझी वेणी खळीनं एका जाड पुठ्ठ्याला चिकटवली आणि पुठ्ठा शिकंज्यात घालून चाक आवळलं. मी किंचाळत जागी झाले. वडील कोमट पाण्याची वाटी घेऊन शेजारी बसले आणि त्यांनी केस न केस सोडवला. "खळ होती म्हणून बरं," ते म्हणाले. "हाडांचा सरस असता तर वेणी कापावीच लागली असती. चिकटवायचं ते असं, की वेळ आली तर कागद न फाटता सुटलं पाहिजे."

ताई दारात उभी राहून हसत होती. शेवटी मलाही हसू आलं. तिच्यावर रागावणं आमच्यापैकी कुणालाच कधी जमलं नाही.

पुढे ताईला दोन मुलं झाली. मोठ्या मुलाला ती राजा म्हणायची, म्हणून आम्हीही राजाच म्हणायचो. बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. ती सदा आईला चिकटलेली, म्हणून ताईनं तिचं नाव पाडलं डिंक. एका थंडीत ताई राजाला घेऊन बाहेर निघाली होती. डिंकानं आईच्या शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि काही केल्या ती सोडेना. ताईनं टेबलावरची कात्री उचलली, शालीचं तेवढं टोक कापलं आणि निघून गेली. पोर ती चिंधी धरून दारात उभी राहिली. हा किस्सा ताई सगळ्यांना सांगायची, मुठीसकट करून दाखवायची, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. डिंकही हसायची. तिला वाटायचं, आई आपलं कौतुक सांगतेय.

मोठी झाल्यावर डिंकाला एकानं मागणी घातली. भला माणूस होता. ताईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो. फक्त एकदा चिकटली की सुटत नाही. तुम्हाला कोमट पाणी पुरेल ना?" तो कसंनुसं हसला, चहा संपवून गेला आणि परत आला नाही.

राजा लग्न करून दुसऱ्या गावी गेला. डिंक ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायच्या कामाला लागली. आजोबांची खळ तिला चांगली जमायची. आईच्या दोन खोल्यांत ती आईजवळ राहिली. ताईचं म्हातारपण, तिची औषधं, तिचे टोमणे, सगळं तिच्याच वाट्याला आलं. मी अधूनमधून जायची. मला वाटायचं, ही पोर एका शब्दासाठी थांबली आहे. एकदा आईनं "माझी गं ती" म्हणावं, एवढंच. ताईला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिनं तो शब्द कधी दिला नाही.

मग ताईच्या आतड्याला पीळ बसला. ऑपरेशन झालं. सर्जनबाईंनी आम्हाला, म्हणजे मला आणि डिंकाला, कागदावर काढून समजावलं. आतड्याचा सडलेला तुकडा कापून उरलेली टोकं शिवली होती. त्या शिवणीवर एक मऊ, चिकट पट्टी बसवली होती. ओल्या आतड्यालाही धरून राहील अशी. पट्टीत तांदळाच्या दाण्याहून बारीक ठिपके होते आणि ते सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरे चमकायचे.

"ऑपरेशननंतर आतडी झोपतात," सर्जनबाई म्हणाल्या. "ती जागी झाली, हलायला लागली, की हे ठिपके जवळ येतात, लांब जातात. वरून मशिन फिरवलं की आम्हाला दिसतं. जागी होईपर्यंत तोंडातून काही द्यायचं नाही."

"आणि मग ती पट्टी काढायची कशी?" डिंकानं विचारलं.

"काढायची नाही. काही दिवसांनी आपोआप विरघळते. अंगात जिरून जाते."

"म्हणजे खळच," मी म्हणाले. सर्जनबाईंना ते कळलं नाही. डिंकाला कळलं, ती हसली.

वॉर्डात सहा खाटा होत्या, भिंती फिक्या हिरव्या, आणि खिडकीबाहेर कपडे धुण्याच्या खोलीची वाफ सोडणारी नळी. रोज सकाळी सर्जनबाई यायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "आजी, वारा सरला का?" पोटातला वारा सरला म्हणजे आतडी जागी झाली. मागोमाग एक मुलगी मशिन ढकलत यायची, ताईच्या पोटावर थंडगार जेली थापायची आणि हातातला दांडा फिरवायची. ताईनं तिचं नाव ठेवलं जेलीवाली. ठिपके पडद्यावर दिसायचे, पण जागचे हलायचे नाहीत.

राजा आणि सूनबाई आले त्या सकाळी जेलीवाली दांडा फिरवतच होती. राजा दारातून म्हणाला, "आई!" आणि पडद्यावरचे ठिपके सरकले. आधी एक, मागोमाग सगळे, एखादी अळी अंग आखडते तसे.

"हललं!" जेलीवाली आनंदानं ओरडली. "आजी, आतडं हललं हो!"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "आतड्याची माया म्हणतात ती हीच," ती म्हणाली. "लेकाची हाक ऐकली नि हललं. डोळ्यांनी पाहिलं बाई मी."

"अहो, तसं नसतं," जेलीवाली म्हणाली. "ते आपलं आपण..."

पण तिचं कोण ऐकतंय? माणसाचं आतडं तुटतं, आतडं पिळवटतं, आतड्याचं माणूस वेगळं आणि परकं वेगळं, हे आम्ही जन्मभर बोलत आलो होतो. आता ते पडद्यावर दिसलं होतं. राजा छाती पुढे काढून उभा राहिला. त्या दिवशी त्याला बरं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं दरबार भरवला. जेलीवाली आली की ताई म्हणायची, "थांब गं, आधी ही मला हाक मारू दे." शेजारची बाई हाक मारायची, तिला भेटायला आलेली माणसं मारायची. कधी हलायचं, कधी नाही. हललं की टाळ्या. एकदा झाडूवाला खाटेखालून झाडू काढत "पाय वर घ्या" म्हणून खेकसला, तेव्हा ठिपके टुणकन सरकले. ताई टाके दुखेपर्यंत हसली. "बघा, झाडूवाल्याचीसुद्धा माया आहे मला!"

मग तिनं मान वळवली. डिंक पायथ्याशी उभी होती. रोज रात्री ती खुर्चीतच झोपायची. केस विस्कटलेले, हातात ओला टॉवेल.

"तू मार की हाक," ताई म्हणाली.

"मी कशाला? मी इथंच असते."

"मार तरी. बघू."

"आई," डिंक म्हणाली.

ठिपके गप्प. खिळे ठोकल्यासारखे.

"मोठ्यानं."

"आई!"

सगळा वॉर्ड पडद्याकडे बघत होता. काहीही हललं नाही. ताईनं सुस्कारा सोडला. "बघितलंस? माणसं खोटं बोलतात. मशिन खोटं बोलत नाही."

हे रोज सुरू झालं. सगळ्यांचं झालं की शेवटी डिंक. ताईला त्याची अशी चटक लागली की, वारा सरला नव्हता म्हणून पोटात अन्नाचा कण नसताना तिच्या गालांवर रंग आला. डिंक नाही म्हणू शकली असती. तिनं म्हटलं नाही. रोज ती टॉवेल खाली ठेवायची, हात पुसायची आणि हाक मारायची. मी तिचा चेहरा बघायची. तिलाही बघायचं होतं. पट्टी विरघळायच्या आत एकदा, फक्त एकदा हलावं, असं तिला वाटत होतं.

एका सकाळी ताईनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "इथून सुटले की मी राजाकडे जाणार. ज्याच्यासाठी आतडं हललं तिथंच माझं घर. खोल्यांना कुलूप लावायचं. डिंकानं आपली सोय बघावी."

डिंक पांढरीफटक पडली. ताई तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. मी बहिणीला ओळखते. तिला कुठं जायचं नव्हतं. तिला डिंकाला रडवायचं होतं, गयावया करायला लावायचं होतं, आणि मग "बरं, राहते" म्हणून उपकार करायचे होते.

पांढरं पडलेलं आणखी एक तोंड मला दिसलं, राजाचं. थोड्या वेळानं पाणी आणायला गेले तर व्हरांड्यात सूनबाई त्याला फैलावर घेत होती.

"कुणी सांगितलं होतं दारातून 'आई' म्हणून कोकलायला?"

"मला काय माहीत हलेल ते!"

"उद्यापासून तोंड उघडायचं नाही. मुकाट्यानं उभं राहायचं. आणि हललं तर म्हणायचं, नर्ससाठी हललं."

मग राजा खरंच मुका झाला. मशिन आलं की तो खिडकीबाहेरची वाफ बघायचा. ताईनं "राजा" म्हटलं की "हं" एवढंच. ताईला कळत नव्हतं असं नाही. पण ती म्हणायची, "माझा राजा हळवा आहे, बोलवत नाही त्याला."

शेवटच्या सोनोग्राफीच्या दिवशी जेलीवालीनं डिंकाला मशिनच्या आडोशाला घेतलं. मी तिथंच होते. आदल्या दिवसापासून ताईला घोट घोट पाणी द्यायला परवानगी मिळाली होती.

"ऐका," जेलीवाली म्हणाली. "आतड्याला कान नसतात. कोमट पाणी प्यायलं की थोड्या वेळानं लाट येते. तुम्ही त्यांना पाणी पाजा. लाट येताना मला दिसते. मी खोकले की हाक मारा."

"म्हणजे खोटं?"

"तुमच्या भावाचं काय खरं होतं? आणि आज शेवटचं आहे, बाई. ठिपके पुसट व्हायला लागलेत. पट्टी विरघळत आलीय. उद्या काहीच दिसणार नाही."

डिंकानं थर्मासमधून कोमट पाणी ओतलं आणि आईची मान उचलून तिला घोट घोट पाजलं.

दरबार भरला. सर्जनबाईही फाईल बघत दाराशी उभ्या होत्या. शेजारणीची हाक झाली. राजा खिडकीशी. ताई म्हणाली, "चला, आता आमचा डिंक." जेलीवाली दांडा फिरवत होती. पडद्यावर ठिपके फिके दिसत होते, धुक्यातल्या दिव्यांसारखे.

जेलीवाली खोकली.

"आई," डिंक म्हणाली.

आणि ते हललं. कधी नव्हे इतकं हललं. सगळे ठिपके एकमेकांकडे धावले, पांगले, पुन्हा धावले. शेजारची बाई "अगं बाई!" म्हणाली. डिंकानं तोंडावर हात ठेवला. ती स्वतःच ठरवून हे करत होती, तिला लाट माहीत होती, खोकला माहीत होता, तरी तिचे डोळे भरून आले. ती आईकडे वळली.

ताई पडद्याकडे बघत होती. एक क्षण तिच्याही तोंडावर काहीतरी आलं होतं, मी पाहिलं. ते तिनं गिळलं.

"राजासाठी माया हलली," ती म्हणाली. "तुझ्यासाठी वारा सरला."

आणि खरोखरच त्याच वेळी पांघरुणाखालून तो सरला, मोठ्यानं. वॉर्ड फुटला. सहा खाटांवरची माणसं, भेटायला आलेली माणसं, झाडूवाला, सगळे हसले. टाके घातलेली माणसं "आई गं, आई गं" करत पोट दाबून हसली. राजा हसला. ताईनं मला डोळा मारला, टेबलाखाली बसून मारायची तसा.

"वारा सरला?" सर्जनबाईंनी फाईल मिटली. "उत्तम! मग आज घरी जायचं, आजी. गाडी कुणाकडे न्यायची?"

हसू विरलं. राजा घाईघाईनं पुढे आला. "आई, डिंकासाठीपण हललं की. चांगलं हललं."

"हो तर," सूनबाई म्हणाली. "यांच्यापेक्षा जास्त हललं. मी पाहिलं ना. वन्संसाठीच खरं हललं."

"तो गॅस होता," ताई म्हणाली. ती डिंकाकडे बघत होती. आता रड, असं तिचे डोळे सांगत होते. आता पाय धर.

डिंकानं टॉवेल पिळून दांडीवर वाळत घातला. मग म्हणाली, "बरोबर आहे, वहिनी. आई सांगतेय ना गॅस होता, म्हणजे गॅसच. मशिन खोटं बोलत नाही. दादा, तुझ्यासाठी हललं, तू ने."

"अगं पण तुझी सोय..."

"बघते मी माझी."

"रडत येशील चार दिवसांत," ताई म्हणाली.

डिंकानं ताईची पिशवी भरली. गोळ्या, मोजे, चष्मा, कवळीची डबी. कुठली गोळी कधी, ते सूनबाईला नीट सांगितलं. तिनं सगळं इतकं नेटकं केलं की मला तिची भीती वाटली.

गाडीत बसवताना ताईचा हात मागे आला आणि डिंकाच्या शालीचं टोक तिच्या मुठीत सापडलं. तिनं ते धरलं. समोर बघत राहिली, फक्त मूठ सुटेना. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मला वाटलं, आता ही पोर विरघळेल. तिनं खांद्यावरची शाल उतरवली, गुंडाळी करून आईच्या मांडीवर ठेवली आणि दार लावलं.

"राहू दे तुलाच," ती म्हणाली. "थंडी आहे."

कात्री लागलीच नाही.

डिंकानं ग्रंथालयाच्या मागची दुरुस्तीची खोली राहायला मागून घेतली. मी महिनाभरानं राजाकडे गेले. ताईला मागच्या खोलीत ठेवलं होतं, आणि वास येतो म्हणून दार लावून घेत होते. पाणी मागितलं तर सूनबाई म्हणायची, "सारखं काय पाणी? सारखं कोण उचलणार?" ताई कुरकुरली की ती गोड हसून म्हणायची, "आतडं हलतंय ना आमच्यासाठी? मग तक्रार कसली?" राजा दारातूनच "काय आई" म्हणून पुढे जायचा. त्या घरात ताईच्या विनोदांना कुणी हसत नव्हतं. मला वाटतं, तिला ते सगळ्यात जड गेलं. डिंकाची शाल उशाशी होती. ताईचं मनगट माझ्या बोटांच्या वेटोळ्यात मावत होतं.

"तिला म्हणावं, ये," ती माझ्या कानाशी म्हणाली. "म्हणावं, ते हललं होतं. मी पाहिलं होतं."

"तूच सांग तिला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डिंकाच्या खोलीवर गेले. खोलीत आमच्या घराचा जुना वास होता. भिंतीला लागून पाठ सुटलेल्या पुस्तकांच्या चळती, आणि स्टोव्हवर खळ. डिंक ढवळत होती. खळ ढवळायचं थांबलं की गुठळ्या होतात, म्हणून मीच फोन लावला आणि खिडकीत ठेवला, आवाज मोठा करून. सूनबाईनं कुरकुरत ताईच्या हातात फोन दिला, ते ऐकू आलं. मग नुसता श्वास.

"डिंके," ताई म्हणाली.

डिंक ढवळत राहिली.

"डिंके, ते हललं होतं गं. तुझ्यासाठीच हललं होतं. माझी गं ती. ऐकतेस ना?"

इतक्या वर्षांनी तो शब्द आला होता. डिंकाचा डावा हात मोकळा होता. तो तिनं स्वतःच्या पोटावर ठेवला, जेलीवाली दांडा टेकवायची त्याच जागी. मान थोडी तिरकी करून, खळीवरून नजर न काढता, ती थांबली. खरोखर मन लावून थांबली.

मग तिनं हात काढला आणि खळीत मोरचूद घातला.

"नाही गं मावशी," ती हलक्या आवाजात मला म्हणाली. "नाही हललं."

खिडकीतून पुन्हा हाक आली. माझ्या पोटात गुडगुडलं. पण मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याचं असेल.